सोबत परिपत्रक जोडले आहे

बच्छाव नानांबद्दल बोलताना आमच्या कार्यालयातले लोक आवाज खाली आणत. नानांना त्याचा फार राग होता. "मला दिसत नाही. ऐकायला चांगलं येतं," असं ते आपल्या टेबलावरूनच सांगत, आणि कुजबुजणारे दोघं जागच्या जागी गप्प होत. सरकारी फॉर्मवर त्यांच्यासाठी वेळोवेळी जे जे शब्द आले ते सगळे त्यांनी बिनतक्रार भरले. बोलताना मात्र त्यांचं एकच वाक्य असे: मला दिसत नाही. नवीन आलेलं कोणी ओशाळून काही पुटपुटलं, तर ते शांतपणे विचारत, "तुमचा चष्म्याचा नंबर काय?"

त्यांच्याबद्दल लिहावं असं मला गेली दोन वर्षं वाटतंय. प्रत्येक वेळी त्यांचं कौतुक लिहून मी थांबते. कौतुक लिहायला सोपं असतं. या खेपेला बाकीचंही लिहायचं, असं ठरवून बसले आहे.

आमची एक शिक्षणसंस्था आहे. मुख्य कार्यालय पुण्याला, विभागीय कार्यालय नाशिकला शरणपूर रोडवर, आणि आमच्या हाताखाली देवळा, पेठ, त्र्यंबकेश्वर अशा शाखा. नाना इथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले ते मी यायच्या कितीतरी आधी. मूळचे नामपूरचे. गावाकडून भावाचा फोन आला की त्यांची अख्खी भाषा बदलायची, "बरं शे, बरं शे" म्हणत ते खुर्चीत मागे रेलायचे. फोन ठेवला की पुन्हा आमच्यासारखं बोलायला लागायचे. पंचवटीत दिंडोरी नाक्याजवळ त्यांचं घर. तिथून शहर बसने शालिमारला, आणि शालिमारपासून पायी कार्यालयात. पावणेदहाला जिन्यावर त्यांच्या काठीचा आवाज आला की शिपाई घड्याळ न बघता टेबलं पुसून संपवायचा.

शर्ट कायम पांढरा, कडक इस्त्रीचा. मी एकदा विचारलं, पांढराच का? म्हणाले, "रंगीत घेतला तर दुकानदारावर विश्वास ठेवावा लागतो." विनोद करताना ते अजिबात हसत नसत, त्यामुळे आपण हसावं की नाही ते कळायचं नाही.

ते फार गोड माणूस होते, असं मी म्हणणार नाही. आमच्या कदमांनी एकदा रस्ता ओलांडताना त्यांचा दंड धरून त्यांना पलीकडे नेलं. चांगल्या मनानं नेलं. नाना कदमांशी तीन आठवडे बोलले नाहीत. शेवटी कदमांनी माफी मागितली, तेव्हा नानांनी त्यांना उभं करून शिकवलं. आधी विचारायचं. मी हो म्हटलं तर माझा हात तुमच्या खांद्यावर राहील, तुमचा हात माझ्या दंडावर नाही. मी पोतं नाही. कदम आजही ही गोष्ट सांगतात आणि सांगताना खांदा पुढे करून दाखवतात.

पुढे टेलिफोनचं बोर्ड गेलं. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आल्यावर ऑपरेटर कशाला हवा? नानांना चौकशीच्या टेबलावर बसवलं आणि एक संगणक दिला. दिला तो कोणी त्यांना वापरता येईल म्हणून नव्हे, त्या टेबलावर तो आधीपासून होता म्हणून. नानांनी पन्नाशीला आल्यावर पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान कार्यालयासाठी मोकळा. ते मशीन इतक्या वेगानं बोलायचं की आम्हाला नुसती किरकिर ऐकू यायची. नानांना त्यातला शब्द न् शब्द कळायचा.

एकदा पुण्याहून एक पत्र आलं. मुख्य कार्यालयातले टंकलेखक तेव्हा जुनाच फॉन्ट वापरत. कागदावर तो मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. नानांनी इअरफोन काढला, आवाज मोठा केला आणि सगळ्या खोलीला ते पत्र ऐकवलं. कंस, टक्का, डॉलर, कंस, असं दोन मिनिटं चाललं होतं. आमचे अधीक्षक सोनवणे साहेब केबिनमधून बाहेर आले आणि हे काय चाललंय म्हणाले. नाना म्हणाले, "मुख्य कार्यालय बोलतंय साहेब. मला वाटलं तुम्हाला कळत असेल." साहेबसुद्धा हसले. दोन महिन्यांनी पुण्याने फॉन्ट बदलला. त्याच्यामागे नानांनी पाठवलेली सात पत्रं होती, हे मला आवक-जावकच्या वहीतून कळलं.

पुण्याहून आलेले सगळे मेल कार्यालयातल्या चाळीस माणसांना पुढे पाठवणं हे माझं काम. तेव्हाही माझंच होतं, आताही माझंच आहे. एक दिवस नाना माझ्या टेबलाशी आले आणि बसू का असं विचारून बसले. त्यांना एक विनंती करायची होती. विनंती त्यांना जमत नसे, त्यामुळे ते ती शिकवल्यासारखी करत.

पुण्याहून परिपत्रक यायचं ते कागदाचा स्कॅन काढून. सही, शिक्का, सगळं त्यात. म्हणजे ते कागदाचं चित्र. मी ते तसंच पुढे ढकलायची आणि वर एक ओळ लिहायची, सोबत परिपत्रक जोडले आहे. नानांचं मशीन तेवढी ओळ वाचायचं, जोडपत्र उघडायचं आणि म्हणायचं, पान रिकामं आहे. फोनवर चित्रातली अक्षरं ओळखणारं काहीतरी आलं होतं, पण तिरक्या स्कॅनवर शिक्का असला की ते 'बदली'चं 'बदाम' करायचं.

"मजकूर मेलच्या आत लिहीत जा ताई, साधा. ठळक नको, रंग नको, चौकटी नकोत," ते म्हणाले. "जोडपत्र खाली राहू द्या. मजकूर माणसासाठी, जोडपत्र फायलीसाठी."

आणखी एक सांगितलं. पुढे पाठवलेल्या मेलला मागच्या पाच जणांची शेपटी लोंबत असते, त्यात ओळीओळीआधी बाणासारखी चिन्हं असतात. आपल्याला ती दिसतही नाहीत. त्यांचं मशीन प्रत्येक चिन्ह वाचायचं, ग्रेटर दॅन, ग्रेटर दॅन. कामाची ओळ येईपर्यंत चहा गार व्हायचा. तेव्हा शेपटी कापायची, कोणाचा मेल आणि कुठल्या तारखेचा ते वर लिहायचं, आणि मग मजकूर.

मी शिकले. चार-पाच महिने मी खरंच मन लावून केलं. परिपत्रक समोर ठेवून टाइप करायची, वर मजकूर, खाली जोडपत्र. दर वेळी त्यांचं एका शब्दाचं उत्तर यायचं, "वाचलं." चाळीस माणसांत तेवढं एकच उत्तर. बाकीचे परिपत्रक उघडतसुद्धा नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगायला हवी. पुण्याने सगळ्या विभागांची सेवाज्येष्ठता यादी पाठवली, जवळजवळ दीडशे नावं. ही यादी मी कशी लिहून काढली ते मला माहीत. दुसऱ्या दिवशी नाना आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं रुजू होण्याचं साल चुकलंय. तीन वर्षं मागे गेलात तुम्ही." मला वाटलं माझ्याच हातून चुकलं असेल. मूळ स्कॅन काढून पाहिला, तर चूक पुण्याची होती. यादी मी स्वतः टाइप केली होती आणि माझ्याच नावापुढचं चुकीचं साल मला दिसलं नव्हतं. त्यांनी इअरफोन लावून दीडशे नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती, आणि मी कोणत्या साली लागले हेही त्यांच्या लक्षात होतं. यादी दुरुस्त झाली. मी पेढे नेले, तर म्हणाले, पेढे नकोत, चहा द्या.

मग हळूहळू माझा हात ढिला पडला. प्रवेशाचे दिवस, मुलीचं दहावीचं वर्ष. कारणं सगळी खरी होती. एखादं परिपत्रक मी तसंच पुढे पाठवायची. नाना दुपारी यायचे आणि म्हणायचे, "आजचं पान कोरं आलं ताई." मी वाचून दाखवायची. कधी घाईघाईत दाखवायची, मधल्या दोन ओळी गाळून. त्यांना ते कळायचं. ते म्हणायचे, मध्ये काहीतरी राहिलं का?

एकदा ते असेच आले तेव्हा माझ्यासमोर तीन माणसं उभी होती. मी म्हणाले, "नाना, चाळीस माणसांतल्या एकासाठी मी रोज चार-चार पानं टाइप करत बसू का?"

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. "नाही. नका बसू," नाना म्हणाले, आणि परत गेले. काठी टेबलाच्या पायाला लागली, ती कधी लागत नसे.

त्यानंतर ते आले नाहीत. विषयाच्या ओळीवरून महत्त्वाचं वाटलं तर कदमांना विचारायचे किंवा फोनवरून घरी कल्पनावहिनींना पाठवायचे. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं होतं.

जूनमध्ये पुण्याहून एक मेल आला. विषयाच्या जागी नुसता परिपत्रकाचा क्रमांक. जोडपत्र चार पानांचं, स्कॅन केलेलं. मी ते उघडून वाचलं. एका जागी पाच वर्षांहून जास्त असलेल्यांच्या बदल्या होणार होत्या. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की आजारपण, अपंगत्व किंवा घरची सबळ अडचण असल्यास पंधरा दिवसांत सोबतच्या नमुन्यात अर्ज करावा, मुदतीनंतरचे अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत.

ते कलम वाचताना मला नाना आठवले. पहिल्यांदा तेव्हा. म्हटलं, जेवणानंतर सांगू. आणि वर तीच ओळ लिहून सगळ्यांना पाठवून दिलं: सोबत परिपत्रक जोडले आहे, माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी.

जेवणानंतर ते फोनवर होते.

दुसऱ्यांदा आठवले ते चार दिवसांनी. मी तो नमुना छापून स्वतःचा अर्ज भरत होते, मुलीच्या अकरावीचं कारण देऊन. अपंगत्वाचा रकाना माझ्यासमोर होता आणि मी त्यात 'लागू नाही' लिहिलं. नाना दहा पावलांवर बसले होते. उठून सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण सांगायला गेलं की त्या दिवशीचं बोलणं मध्ये येणार, ते काहीतरी तिरकं बोलणार, मग नमुना वाचून दाखवायचा, भरून द्यायचा. म्हटलं, उद्या. मी विसरले, असं पुढे मी बऱ्याच जणांना सांगितलं. मी विसरले नव्हते.

माझा अर्ज मंजूर झाला. नानांची देवळ्याला बदली झाली.

ऑर्डर हातात आली तेव्हा सोनवणे साहेबांना धक्काच बसला. तोपर्यंत सगळे असंच धरून चालले होते की नानांना कोण हलवणार. त्यांनी नानांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हते. नानांना एवढंच म्हणाले, "परिपत्रक तुमच्यापर्यंत पोचलंच नसेल, तर मला पुण्याशी भांडता येईल." मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, बच्छावांना पाठवलं होतं का?"

मी त्यांच्या संगणकावर माझा मेल उघडला आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. तारीख, वेळ, चाळीस नावांत नानांचं नाव. "पाठवलं होतं," मी म्हणाले.

"नाना, आलं होतं?"

"आलं होतं."

"मग अर्ज का नाही केला?"

"जोडपत्र होतं साहेब. मला वाचता येत नाही."

"मग कोणाला तरी विचारायचं ना."

नानांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मी कुठे उभी आहे ते त्यांना बरोबर माहीत होतं. ते काहीही म्हणू शकले असते. मी शिकवलं होतं, हिने बंद केलं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मला वाटतं, ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते. मी पडद्यावरची तारीख वाचत राहिले.

"हो," ते साहेबांना म्हणाले. "विचारायला हवं होतं."

साहेबांनी टिपण लिहायला सांगितलं. परिपत्रक वेळेत प्राप्त झाल्याचे संबंधित कर्मचाऱ्याने मान्य केले. ते टिपण मी टाइप केलं. प्रत नानांना पाठवायची होती. त्या दिवशी मी सगळा मजकूर मेलच्या आत लिहिला, साधा, शेपटी कापून, तारीख वर. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "वाचलं."

साहेबांनी तरीही विनंतीचं पत्र पाठवलं. पुण्याचं उत्तर आलं की मुदत संपली आहे, पुढील वर्षी विचार करता येईल. साहेब नंतर सहज म्हणाले, देवळ्याला आपल्याकडून एक माणूस द्यायचाच होता, नाना नसते तर तुमचं नाव पुढे होतं. मला हे आधी माहीत नव्हतं. हे खरं आहे. पण ते खरं असल्याचं मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

निरोपाच्या चहाला कोणीतरी म्हणालं, देवळा म्हणजे तुमचाच भाग की नाना, नामपूर जवळच. नाना म्हणाले, "माझा भाग दिंडोरी नाका ते शरणपूर रोड." आणि सगळ्यांच्या हातात हात दिला. माझ्याही दिला. मी काहीतरी बोलायला लागले, तर म्हणाले, "मुलीला कुठलं कॉलेज मिळालं?" मी सांगितलं. चांगलं आहे, म्हणाले.

ते रोज नाशिकहून देवळ्याला जाऊन-येऊन करू लागले. कल्पनावहिनींची तब्येत आणि घर, दोन्ही इथे होतं. सकाळी सहाला निघायचं, रात्री आठला यायचं. पावसाळ्यात चांदवडच्या पुढे गाडी बंद पडून ते दोन तास रस्त्याकडेला उभे होते, असं कदमांनी सांगितलं. त्यांच्या टेबलावर आता झेरॉक्सचं मशीन आहे.

दिवाळीच्या सुमारास वहिनी मला भाजीबाजारात भेटल्या. मी दुसऱ्या गाळ्याकडे वळणार होते, पण त्यांनी हाक मारली. विचारपूस झाली. मग त्या म्हणाल्या, "तिकडे सगळं चित्रातच येतं म्हणतात. तुम्ही लिहून पाठवायचात ते घरी सांगायचे, शुभांगीताई लिहून पाठवतात म्हणून." मी मेथीच्या जुडीची पानं उलटीपालटी करत होते. त्यांना काही माहीत नव्हतं. नानांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

पुण्याला खरं काय ते कळवायचं असं मी अनेकदा ठरवलं. दोनदा लिहायलाही घेतलं. पहिल्या वेळी दुसऱ्या परिच्छेदात माझीच बाजू मांडायला लागले, म्हणून पुसलं. दुसऱ्या वेळी लिहून पूर्ण झालं होतं. तेही पुसलं.

नाना मला शेवटचे दिसले ते गेल्या फेब्रुवारीत. देवळ्याला मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं. घरातले आदल्या दिवशी गेले होते, मी सकाळच्या एसटीसाठी जुन्या सीबीएस स्टँडवर पोचले. थंडी होती. फलाटावर गाडी लागलेली होती आणि नाना तिच्यापासून चार हातांवर उभे होते. पांढरा शर्ट, वर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, काठी. पाठ थोडी वाकली होती. मी त्यांच्या अगदी जवळ येऊन पोचले होते.

कोणीतरी आहे, एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी चेहरा माझ्या दिशेला केला आणि परक्या माणसाला विचारतात तसं अदबीनं विचारलं, "ही गाडी देवळ्याची आहे का?"

पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. हो म्हणायचं होतं, एवढंच. पण हो म्हटलं की आवाज ओळखला जाणार होता. मी हलले नाही. श्वाससुद्धा हळू घेतला.

त्यांनी थोडी वाट पाहिली. मग पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मागून एक कॉलेजचा मुलगा येत होता, तो म्हणाला, हो काका, देवळ्याचीच, चढा. नानांनी त्याला विचारून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पायरी चढून आत गेले. पुढून दुसऱ्या सीटवर, खिडकीशी बसले. कंडक्टरने मला विचारलं, ताई, यायचं का? मी मानेनं नाही म्हटलं.

गाडी निघून गेली. पुढची गाडी तासाभराने होती. मी तिने गेले. लग्न लागून गेलं होतं.